शहराचे दरवाजे

परदेशात, क्लेटन उपनगरातल्या आमच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये तो, माझा रूममेट, शेजारच्या खोलीत राहायचा. लॉकडाउनमध्ये काम सुटल्यापासून नुसता येरझारा घालायचा आणि दर तासाला विचारायचा, "फ्लाइट्स सुरू झाल्या का रे?" त्याची आई नागपूरला एकटी होती. ऑनलाइन गेममध्ये मात्र तो आमच्या टोळीचा सुपरव्हिलन. "सॉरी, मेट," असं तिथल्या लोकांसारखं म्हणत पूल उडवायचा आणि असा हसायचा, की मलाच भीती वाटायची.

एका दुपारी आम्ही अख्खं शहर जिंकत आणलं. फक्त दरवाजे बंद करायचे राहिले होते. समोरच्या टोळीचे खेळाडू शहराबाहेर पळत होते. मी ओरडलो, "लाव ना दरवाजे!"

तो दरवाजात आडवा उभा राहिला, बंदूक आमच्यावर रोखून.

"थांब. घरी जाणाऱ्यांना आधी जाऊ दे."