चहातली जास्तीची साखर

कापड विणायच्या लूमसाठी कांड्यांवर सूत भरायचं काम माझ्याकडे होतं, आणि नवी नवरी असताना मी बारीक सुतात जाड सुताच्या चार कांड्या मिसळल्या. सूत बोटांनी चाचपून बघायचं असतं. पण मी पडले कारखानदाराची सून, चाचपणार कशाला! कापडावर आडवा पट्टा उठला. कारागिरानेच कांड्या मिसळल्या असं धरून यांनी त्याला झापलं, आठवडाभर लूमवरून उठवून हातात झाडू दिला. आणि ही महामाया, म्हणजे मीच, दारात उभी राहून म्हणते, “लक्ष कुठे असतं या कारागिरांचं!”

‘कांड्या मी मिसळल्या,’ एवढे तीनच शब्द बोलायचे होते. मला काय कोणी फाशी देणार होतं? फार तर सासूबाईंनी दोन दिवस टोमणे मारले असते. पण कारागिरासमोर तोंड उघडलं की बाहेर यायचं, “चहा घ्या.” मेली हीच जीभ दुसऱ्याची चूक सांगताना कशी घोड्यासारखी धावते!

परवा तेच कारागीर भेटायला आले, आता पांढऱ्या दाढीचे. एकदाचं सांगून टाकलं. ते हसून म्हणाले, “मला तेव्हाच कळलं होतं.” मी उलट त्यांच्यावरच चिडले, “मग बोललात का नाही?”

“तुम्ही बोलाल म्हणून थांबलो, भाभी. तुम्ही तर रोज चहात साखरच वाढवत गेलात.”