शेड मास्टरचा गॉगल

“डॉक्टरसाब, इसकी आँख देखो. फिरोजी का फरक इसको दिखता नहीं,” असं म्हणत कांतिशेठनी रमेश पाटलांना माझ्यासमोरच्या स्टुलावर बसवलं.

मी डॉक्टर नाही. ऑप्टोमेट्रिस्ट, म्हणजे डोळे तपासून चष्म्याचा नंबर काढणारा. नव्वदच्या दशकात सुरतला, उधन्यातल्या एका चष्म्याच्या दुकानात मी नोकरीला होतो. खानदेशात पारोळ्याच्या शाळेत शिकलेला, घरातला पहिला पदवीधर. गिऱ्हाईक ‘डॉक्टर’ म्हणालं की मी दरवेळी दुरुस्ती करायचो आणि मनातून खूशही व्हायचो.

कांतिशेठची बारडोली रोडवर साड्यांचं कापड रंगवायची मिल होती. पाटील तिथले शेड मास्टर, म्हणजे रंगाची छटा पारखणारे. पार्टी, म्हणजे व्यापारी, नमुन्याचा एक तुकडा पाठवते. रंगून निघालेला माल त्या तुकड्याशी जुळतो की नाही, हे शेड मास्टर सांगतो. ट्यूबलाइटखाली रंग फसवतात, म्हणून हे काम मिलच्या गच्चीवर उन्हात चालतं. पाटलांनी मान हलवली की माल पुढे जायचा.

दिवाळीनंतर मात्र त्यांनी पास केलेला माल परत यायला लागला होता. डोळ्यांत दोष निघाला तर पाटलांना फोल्डिंग खात्यात टाकायचं, असं शेठनी ठरवलंच होतं. रंगांत आयुष्य काढलेल्या माणसाने घड्या मोजत बसायचं.

“मना डोया चांगला शेतस, भाऊ,” पाटील हळूच अहिराणीत म्हणाले. माझे डोळे चांगले आहेत, हे शेठना न कळता मला कळावं म्हणून.

रंगांधळेपणा तपासायची एक पुस्तिका असते. रंगीत ठिपक्यांत आकडे लपवलेले असतात. पाटलांनी सगळे आकडे न अडखळता वाचले.

“शेठ, यांचे डोळे उत्तम आहेत.”

“तो माल क्यूँ वापस आता है?”

“कोणते रंग परत येतात?”

“फिरोजी, आसमानी, मोरपंखी.”

“लाल, मरून?”

“उसमें कंप्लेंट नहीं.”

डोळा असा निवडून निवडून चुकत नाही. मी पाटलांचा चष्मा हातात घेतला. नवा दिसत होता.

“मेहुण्याने दिवाळीत मुंबईहून करून आणला,” पाटील म्हणाले. “उन्हात आपोआप काळा होतो. मी इथे उधन्यात राहतो. सकाळी मिलला जाताना ऊन तोंडावर, संध्याकाळी परत येतानाही तोंडावर. साधा गॉगल घातला तर नंबर जातो. पुढे म्हैस आहे की मोटरसायकल, तेच कळत नाही.”

“चला बाहेर,” मी म्हणालो.

शेजारच्या कापडदुकानातून फिरोजी रंगाचे दोन तुकडे मागून आणले. एकात निळा जरा जास्त होता. पाटील चष्मा घालून उन्हात उभे राहिले. बघता बघता काचा तपकिरी झाल्या.

“दोन्ही सारखे?”

“सारखे.”

“आता चष्मा काढा आणि तुकडे जवळ धरून बघा.” पाटलांचा नंबर मायनस. अशा माणसाला लांबचं धूसर दिसतं, जवळचं चष्म्याशिवायही दिसतं.

पाटलांनी तुकडे उलटसुलट करून पाहिले. मग म्हणाले, “मीच हा माल परत पाठवला असता.”

शेठनी तो चष्मा स्वतःच्या डोळ्यांसमोर धरला, मग खाली केला, पुन्हा धरला. “सरखुं ज लागे छे,” ते म्हणाले.

कारण सोपं होतं. तपकिरी काच निळा उजेड अडवते. निळ्यातला बारीक फरक त्यातच हरवतो, लालमधला टिकतो.

“निकाल दे ये चश्मा,” शेठ म्हणाले.

“मग रस्त्यावर काय घालू?”

मी दोन चष्मे सुचवले. गच्चीवर पांढऱ्या काचेचा, रस्त्यावर त्याच नंबरचा गॉगल.

“एका माणसाला दोन चष्मे? मिलमध्ये म्हणतील, हिरो आला.”

“बोलने दे,” शेठ म्हणाले. “तू ट्रक के नीचे गया तो शेड कौन पास करेगा?”

प्लॅस्टिकच्या काचा गरम रंगात बुडवून आम्ही गॉगलला शेड द्यायचो. पाटील त्या भांड्यावर वाकूनच उभे राहिले. “दोन्ही काचा एकदम टाका. वेगळ्या टाकल्या तर शेड बदलेल.” मी राखाडी रंग घेतला होता. तो सगळे रंग सारखेच मंद करतो, त्यामुळे सिग्नलचा लाल लालच राहतो. काचा निघाल्यावर पाटील त्या उन्हात घेऊन गेले, एकमेकींशी ताडून पाहिल्या आणि मान हलवली. माझा माल पास झाला.

पुढे ते येऊन सांगून गेले. जुन्या चष्म्यातही डोळे किलकिले करून गाडी चालवावी लागायची, ते थांबलं, संध्याकाळची डोकेदुखी गेली, खड्डा आधीच दिसायला लागला. फोल्डिंगचं नावही पुन्हा निघालं नाही.

उन्हाळ्यात शेठचा फोन आला. “डॉक्टरसाब, फिर माल वापस आया. पाटील की आँख फिर देखो.”

“पाटील तर भाच्याच्या लग्नाला धुळ्याला गेलेत ना? शेड कोणी पास केली?”

“मैंने.”

“मग तुम्हीच या.”

आले. नंबर निघाला. गच्चीवर ऊन आहे, नीट दिसतं, असं समजून त्यांनी चष्म्याशिवायच शेड पास केली होती. चष्मा घेतला, गॉगलही घेतला. डोळ्यांना नंबर असेल तर तो उन्हातही असतो, एवढी साधी गोष्ट लोकांना स्वतःचा माल परत आल्याशिवाय पटत नाही.