पुढच्या वर्षीचं मानांकन
ओल्या लोकरीचा वास आला की कुंभकोणमचं आमच्या कॉलेजचं मैदान आठवतं. पन्नासच्या दशकात तिथे लोकरीच्या पिवळ्या चेंडूने बॉल बॅडमिंटन खेळत, एका बाजूला पाचजण. त्या वर्षीच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत आम्हाला मानांकन नव्हतं, त्यामुळे सकाळपासून दोन सामने जिंकून आम्ही भर उन्हात उपांत्य सामन्याला उभे राहिलो. समोरचा संघ अव्वल मानांकनाचा, म्हणून थेट उपांत्य फेरीत आलेला. त्यांचा तो पहिलाच सामना, आणि तोवर ते चिंचेखाली ताक पीत बसलेले. पहिला डाव आम्ही हरलो. माझ्या पोटऱ्यांत गोळे आले आणि मी तापलेल्या मातीतच बसलो. आमचा कप्तानही माझ्यासारखाच घरात मराठी आणि बाहेर तमिळ बोलणारा. समोरच्यांना कळू नये म्हणून तो मराठीत म्हणाला, "ऊठ रे. जिंकलो तर पुढच्या वर्षी मानांकन मिळेल." मी चिडून म्हणालो, "तुला काय त्याचं? तुझं तर हे शेवटचं वर्ष." "तुम्ही चौघं आहात ना? तू जाळीपाशी उभा राहा, तुझ्या जागेचं मी पळतो." आणि तो खरंच दोघांचं पळाला. घामाने भिजलेला, जड झालेला चेंडू तो मागून परतवत राहिला आणि पुढचे दोन्ही डाव आम्ही जिंकलो. अंतिम सामना हरलो, पण पुढच्या वर्षी दुसरं मानांकन मिळालं. तेव्हा तो आडुतुरैला नोकरीला लागला होता. स्वतःला न मिळणाऱ्या गोष्टीसाठी इतकं जीव तोडून धावणारा दुसरा माणूस पुढे मी क्वचितच पाहिला.