माळाचं सरकारी नाव

आमच्या माळाला सरकारदरबारी नाव लागलं ते माझ्यामुळं. फक्त आमी मागितलेलं लागलं नाय, खालच्या वाडीनं मागितलेलं लागलं.

कापडे गावाच्या वरल्या अंगाला आमची वाडी. आमची नि खालच्या वाडीची हद्द भिडते तिथं एक सपाट माळ हाय. आमी त्याला होळीचा माळ बोलतो, कारण शिमग्याला आमची होळी तिथं लागते. खालचे त्याला गोठण बोलतात. आता पंचायतीला ठराव करून कागदावर एकच नाव लिवायचं होतं. गोठण लागलं तर खालचे गुरांसाठी कुंपण घालणार नि आमची होळी उठणार. माझ्या आज्यानं, बानं त्याच जागेवर नारळ दिलेला. होळीची जागा हलवायची म्हंजे आमच्यात देव हलवल्यासारखं.

वाडीनं बोलायला मला पुढं केला. शाळेत मी गेलो तो फक्त कौलं चाळायला, पण तोंड चालतं. निघताना बायको बोल्ली, "अवो, तिथं गप बसा. हात वर करा नि घरी या."

ग्रामसभेला दोन्ही वाड्यांची, मुंबईला कामाला असलेली मंडळीपण आलेली. सरपंचबाईंनी विचारलं, "काका, हा माळ तुम्ही कधीपासून बघताय?"

मी उठलो, टोपी सारखी केली. लोक हसायला लागले की मला थांबता येत नाय, हा जुना रोग. बोललो, "बाई, पोर होतो तवापासून. गुरं राखायचो ना! दुपारची दोन्ही वाड्यांची गुरं तिथल्या ऐनाच्या झाडाखाली रवंथ करत बसायची. मीपण त्यांच्यातच आडवा. एकदा असा घोरलो, गुरं उठून घरी गेली नि मी तिथंच. बा हुडकायला आला तर वाटेवरची म्हातारी त्याला बोल्ली, सगळी गेली रे, तुझा एक रेडा तेवढा ऱ्हायलाय."

सभा लोळली. सगळ्यात जास्त हसला तो खालच्या वाडीचा एक म्हातारा. मंग डोळे पुसत उभा ऱ्हायला. "लिवा ओ ग्रामसेवक. वरच्या वाडीचाच माणूस सांगतोय. काय रे, गुरं दुपारची बसतात त्या जागेला काय बोलतात?"

"गोठण," मी बोललो. तोंडातनं गेल्यावर कळलं.

"पण होळी..." मी सावरायला गेलो.

"होळी वर्सातनं एकदा. गुरं रोज," म्हातारा बोलला.

हात वर झाले. आमच्यातल्या दोघांचेपण झाले, हसता हसता. ठरावात माझी साक्ष लिवली नि खाली माझा अंगठा घेतला.

वाडीत परत आल्यावर बैठक बसली. ज्यानं जागा घालवली त्यानं होळीला जागा द्यायची, असं ठरलं. घरामागचं माझं भाताचं खाचर गेलं. मी मुंडी हलवली. बोलायचं तेवढं बोलून झालेलं.

शिमग्याच्या आधी तिथं होळीचा खड्डा खणत होतो. बानं दिला तसाच नारळ ठेवला. चारजण माना खाली घालून उभे. मला ते सोसंना. बोललो, "पुढल्या ग्रामसभेत या खाचराचंपण नाव लावून घेऊ. होळीचं खाचर."

बायको पहार टेकून उभी होती. बोल्ली, "त्याला नाव पडलंय कवाच. बडबड्याचं खाचर. ठराव नाय लागला त्याला. खणा आता."