एक्केचाळिसाव्या पानावरचा देव

हसणार नसाल तर सांगतो. नाही, हसाच! त्या दिवशी कुणीच हसलं नाही, म्हणून तर अजून बोचतंय. न वाचलेल्या कादंबरीत मी लोकांना देव शोधून दिलाय, महाराजा! तोही ग्लासगोत, साक्षात पाद्रीबुवांसमोर!

एकोणीसशे साठच्या दशकाची अखेर. मी हॉस्पिटलात ज्युनियर डॉक्टर, राहायला मॅकीबाईंकडे भाड्याने. त्यांच्या दुखऱ्या गुडघ्याचा डॉक्टरही मीच. बाईंचा नवरा वर्षापूर्वी गेला आणि त्यांनी चर्चला जाणं सोडलं. चर्चच्या वाचन-मंडळातल्या मैत्रिणींनी त्यांना एक नवी अमेरिकन कादंबरी आणून दिली. बायको वारल्यावर देवावरचा विश्वास उडालेल्या एका पाद्र्याची गोष्ट.

बाईंनी ती माझ्या हातात ठेवली. "डॉक्टर, आधी तुम्ही वाचा. शेवटी त्याला देव भेटतो का, तेवढं सांगा. भेटत नसेल तर मी वाचणार नाही. तेवढी ताकद उरली नाही माझ्यात."

आता बघा, केवढा विश्वास! आणि मी काय केलं? बसमध्ये एक्केचाळीस पानं वाचली, खुणेला तिकीट घातलं आणि वॉर्डच्या धबडग्यात पुढचं वाचायचं विसरलो.

रविवारी चहाला बाईंनी विचारलंच. "भेटला?"

खरं सांगायला काय झालं होतं? पण माझे वडील सांगलीचे कीर्तनकार. लहानपणापासून शेकडो कीर्तनं ऐकलेली. भक्ताचं घर जळेल, मूल आजारी पडेल, पण शेवटी देव येणारच. देव आलाच नाही तर आरती कुणाची करायची?

"भेटतो की!" मी ठोकून दिलं. "अगदी शेवटच्या पानावर!"

"नक्की?"

"शंभर टक्के!"

बाईंनी पुस्तक घेतलं. चार दिवसांनी म्हणाल्या, "डॉक्टर, दोनदा वाचलं. मला नाही दिसला."

"नीट बघा," मी म्हटलं आणि कोट चढवून सटकलो.

बाईंना खोट आपल्याच नजरेत वाटली, अशी माझी समजूत. त्यांनी मंडळातल्या मैत्रिणींना विचारलं. त्यांच्यातही कुणाला देव सापडलेला नव्हता. पण भारतातला माणूस म्हणतोय म्हणजे काहीतरी खोल असणार! झालं, पाद्रीबुवांचं आमंत्रण आलं, आमच्या मंडळात येऊन समजावून सांगा. आणि माझ्यासाठी का होईना, मॅकीबाई वर्षभराने चर्चची पायरी चढल्या. म्हणजे आता पळून जायचीही सोय नाही!

आठ बायका, पाद्रीबुवा, आणि मधल्या टेबलावर ते पुस्तक. मॅकीबाईंनी स्वतः शेवटचं पान उघडून माझ्यापुढे धरलं. "दाखवा, डॉक्टर."

ते पान मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होतो! वाचू लागलो. पाद्री बायकोच्या कबरीवरून घरी येतो. किटली ठेवतो. सवयीने दोन कप मांडतो. संपलं. ना देव, ना दर्शन, ना आरती!

सगळे माझ्या तोंडाकडे बघतायत.

"हे..." मी म्हणालो, "हे दोन कप."

कुणीच हसलं नाही. पाद्रीबुवांनी वहीत काहीतरी लिहून घेतलं. मॅकीबाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं आणि मला वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं.

आम्ही घरी चालत निघालो. वाटेत त्या म्हणाल्या, "मीसुद्धा रोज सकाळी दोन कप काढते. मग स्वतःवरच चिडून एक परत ठेवते. उद्यापासून नाही चिडणार."

मला भरून आलं. खरंच सांगतो, आणि त्याहून जास्त लाजही वाटली. कबूल करून टाकावं म्हणून मी तोंड उघडलं. एवढ्यात बाईंनी पर्समधून काहीतरी काढून माझ्या तळहातावर ठेवलं.

माझं बसचं तिकीट!

"पान एक्केचाळीस," बाई म्हणाल्या. "पहिल्याच दिवशी सापडलं होतं."

मी जागच्या जागी थिजलो. "मग तुम्ही दोनदा का वाचलंत?"

"तुम्ही शंभर टक्के म्हणालात ना! मला वाटलं, न वाचता इतक्या खात्रीने बोलणारा माणूस एक तर संत असेल, नाहीतर..." त्या थांबल्या. लंगडत दोन पावलं पुढे गेल्या आणि वळल्या.

"डॉक्टर, एक विचारू? माझा गुडघा महिन्यात बरा होईल म्हणालात, तो तरी शेवटपर्यंत तपासला होतात का?"