ढोके सरांनी पुसलेली अडीच पानं

दुसऱ्या कोणाची हार्ड डिस्क उघडायची असली की ढोके सर आधी चपला काढून ठेवत. अमरावतीतल्या आमच्या दुरुस्तीच्या दुकानात फरशीवर कायम धूळ असे, पण हा नेम चुकला नाही. "कोनाच्या तरी घरात शिरून राह्यलो आपण," ते म्हणत, "चपलेसकट कसं जाचं?"

कॉलेजातून निवृत्त झाल्यावर त्यांनी दुकान काढलं. मी भागीदार. गिऱ्हाइकांशी बोलणं माझ्याकडे, मशीन त्यांच्याकडे. कोणी पासवर्ड विसरून आला की सर लिनक्स या दुसऱ्या प्रणालीची सीडी घालत आणि मशीन तिच्यावरूनच सुरू करत. मग डिस्कवरचा विंडोजचा कप्पा, म्हणजे पार्टिशन, बाहेरून उघडे; पासवर्ड कोणी विचारतच नसे. पण सर तो फक्त वाचण्यापुरता उघडत. "पयले पाह्यचं. हात लावाचा नाही. लिवाची परवानगी भेटली का मानसाले वाटते आपनच देव हाओ."

कमलामावशी अकोल्याहून आल्या त्या चादरीत बांधलेला संगणक घेऊन. त्यांचे यजमान गुरुजी होते, दोन महिन्यांपूर्वी वारले होते. शेवटची दोन वर्षं ते आठवणी टाइप करत बसायचे: छप्पन साली घेतलेली दीक्षा, अकोल्यातली पहिली नोकरी, साठ सालानंतरचं लग्न. पासवर्ड त्यांच्याबरोबरच गेला होता.

मावशी मूळच्या चांदूर बाजारच्या, भाजी पिकवणाऱ्या माळ्याच्या घरच्या. बौद्ध मास्तराशी लग्न केलं म्हणून बापाने त्यांच्या नावानं आंघोळ केली. "बापाचं जाऊ द्या," त्या आम्हाला म्हणाल्या, "पन माहा पाठचा भाऊ, नामदेव, तो बी एक डाव आला नाही पाहाले. दोन सालानं साप चावून मेला. माह्या गुरुजीनं मातर मले जन्मात कधी फसवलं नाही."

मावशींना चहाला बसवून सरांनी डिस्क उघडली. एकेका आठवणीची वेगळी फाइल होती. एकीचं नाव होतं 'नामदेव'. अडीच पानं. मी मागे उभी होते. सर भराभर वाचत गेले आणि थांबले.

त्यात काय होतं ते सरांनी मला नंतर सांगितलं. नामदेव आला होता. लग्नानंतरच्या उन्हाळ्यात, अकोल्याच्या खोलीच्या दारात उभा राहिला होता. मावशी मागे नळावर होत्या. सासरच्यांवरचा राग गुरुजींच्या डोक्यात होता. "ती घरी नाही," असं सांगून त्यांनी त्याला परत पाठवलं आणि पुढे मरेपर्यंत बायकोला ते सांगितलं नाही.

सरांनी एक आज्ञा टाइप केली. कप्पा आता लिहिण्यासाठी उघडा झाला. दुसऱ्या आज्ञेने ती फाइल पुसली.

"सर, हे काय केलं?"

"म्हातारीचे चार दिस राह्यले शुभांगी. सुखानं जाऊ दे."

बाकीच्या आठवणी छापून संगणकासोबत परत दिल्या. महिन्याभराने मावशी ती पानं घेऊन परत आल्या. "गुरुजीनं शाळेच्या घंटीवर बी लिवलं," त्या म्हणाल्या, "माह्या नामदेवावर एक ओळ कशी नाही? तुमाले दिसली का कुठं?"

"नाही जी, मावशी," सर म्हणाले.

त्या दिवसापासून सर बिघडले. गिऱ्हाइकासमोर बसलेले असताना मध्येच म्हणत, "कोनी हाक मारली काय दारातून?" दारात कोणी नसे. शेवटी एकदा सकाळी म्हणाले, "चाल, अकोल्याले. पुसलेली फाइल निंगते परत, जागेवर दुसरं काही लिवलं नसलं तं."

लिहिलं होतं. मावशींच्या नातवाने सगळी डिस्क कोरी करून त्यावर सिनेमे भरले होते. सरांनी तरी तीन तास शोधलं. मग मावशींसमोर जमिनीवर बसून सगळं सांगितलं.

मावशी रडल्या नाहीत. ओठांवर पदर धरून त्यांनी विचारलं, "आला व्हता? काय म्हने तो?"

"अक्काले पाहाले आलो, म्हने."

"अंगात काय व्हतं त्याच्या? वाळला व्हता का? पायी आला का गाडीनं?"

सरांनी डोळे मिटले. "ध्यानात नाही, मावशी. मी घाईत वाचलं."

"अडीच पानं व्हती म्हनता," मावशी हळू आवाजात म्हणाल्या, "अन् तुमच्यापाशी एवढंच उरलं?"

परतल्यावर मात्र सरांना काहीबाही आठवू लागलं. ते मावशींना फोन करत. नामदेवाच्या हातात मेथीची जुडी होती. डोक्याला निळा फेटा होता. पुढच्या आठवड्यात फेटा पांढरा व्हायचा. मावशी ऐकून घेत. वर्षभराने एकदा फोनवर त्या म्हणाल्या, ते मला शेजारी बसून ऐकू आलं, "मास्तर, आता राहू द्या. तुमी मनानंच लिवून राह्यले."

सरांनी फोन ठेवला. पुन्हा केला नाही.

सर वारले तेव्हा मावशी आल्या होत्या. निघताना त्यांनी मला बाजूला घेतलं. "तू बी व्हती ना मांगं उभी? तुले काही दिसलं?"

मला फक्त फाइलीवरचं नाव दिसलं होतं, नामदेव. मी तेवढंच सांगितलं.