आडवा आठ

जुन्या लेन्सवर अंतराचे आकडे कोरलेले असतात. दोन मीटर, तीन, पाच, दहा आणि सगळ्यात शेवटी एक आडवा पडलेला आठ. आडवा आठ म्हणजे अनंत. कडं तिथपर्यंत फिरवलं की खाडीपलीकडचा डोंगरही स्वच्छ दिसायला हवा. शाळेत गणिताने माझे पुष्कळ हाल केले, पण या आठाने केले तेवढे नाहीत.

लेन्स सासऱ्यांची होती. त्यांना आम्ही अण्णा म्हणतो. मूळचे साताऱ्याकडचे, नोकरी सगळी तुर्भ्याच्या एका कारखान्यात गेली. तरुणपणी तिथल्या एका साहेबाकडून त्यांनी जुना कॅमेरा घेतला होता, सोबत लांबचं जवळ दाखवणारी ही लेन्स. कॅमेरा इथल्या दमट हवेत केव्हाच गंजून गेला. लेन्स मात्र त्यांनी काचेच्या बरणीत, तांदळाच्या पुरचुंडीशेजारी ठेवून जपली होती. मागच्या हिवाळ्यात ती बरणी पिशवीत घालून ते आणि सासूबाई सीवूड्सला आमच्याकडे राहायला आले.

"जावईबापू, तुमच्या नव्या कॅमेऱ्याला ही बसेल का?"

"न बसायला काय झालं? बसवू."

"फोटो नाही निघाला तरी चालेल. यातून हिला एकदा बघायचंय."

"आवो, एवढी वर्सं बघताय, आता काय ऱ्हायलंय बघायचं?" सासूबाई आतून म्हणाल्या. पण त्या हसत होत्या, हे मला ऐकू आलं होतं.

बायकोने लगेच फोनवर शोधलं. "मध्ये जोडायचा अडॅप्टर ऑनलाइन मिळतो. परवा येईल."

"विकत घ्यायला अक्कल लागत नाही," मी म्हणालो.

"म्हणूनच म्हणतेय, घे."

मी घेतला नाही. कॅमेऱ्याचं प्लास्टिकचं झाकण घेतलं, त्याला मधोमध भोक पाडलं. लेन्सच्या मागच्या टोपणाचा तळ कापला. दोघांच्या मध्ये नळाच्या पाइपचा तुकडा ठेवला आणि प्लंबर गळती बुजवायला वापरतात त्या पुटीने सगळं लिंपून टाकलं. दिसायला ते एखाद्या नळाच्या जोडासारखं दिसत होतं, पण लेन्स बसली. मी सोसायटीच्या ग्रुपवर टाकून दिलं की येत्या रविवारी करावेच्या खाडीतले फ्लेमिंगो स्वतः बनवलेल्या अडॅप्टरने टिपणार आहे. सत्तावीस अंगठे आले. माणूस बिघडायला एवढे पुरतात.

रविवारी सकाळी सासूबाई न सांगता तयार झाल्या. ठेवणीतलं निळं लुगडं, डोक्यावरून पदर, हॉलमधल्या खुर्चीत ताठ बसल्या. अण्णा चष्मा पुसून समोर उभे.

"आणा, जावईबापू."

"दोन मिनिटं अण्णा, जरा तपासून घेतो," म्हणून मी कॅमेरा घेऊन बाल्कनीत गेलो.

फ्लेमिंगो नव्हते. म्हणजे खाडीत होते, कॅमेऱ्यात नव्हते. तिथे नुसता गुलाबी धूर. कडं आडव्या आठावर नेलं तरी धूरच. माझा पाइपचा तुकडा तीन-चार मिलिमीटर जास्त लांब झाला होता. एवढ्याने लेन्सला दहा-बारा फुटांपलीकडचं दिसत नाही. जवळचं मात्र दिसतं. मी वळून आत पाहिलं तर सासूबाईंच्या नथीतला मोती न् मोती दिसत होता.

"अरे, दिसतंय ना आता?" बायकोने विचारलं.

"जवळचं दिसतंय. अनंत लागत नाही."

"आपला हॉल केवढा, तुला अनंत कशाला?"

प्रश्न बरोबर होता. पण अर्धवट काम मी कुणाच्या हातात देत नाही, असं मी ऐटीत म्हणालो. अण्णा म्हणाले, "चालेल हो, एवढंही चालेल मला." मी म्हणालो, "पुढच्या रविवारी एकदम फर्स्ट क्लास देतो." सासूबाई अजून थोडा वेळ बसून राहिल्या. कुकरची शिट्टी झाली तेव्हा उठल्या.

तो आठवडा मी पाइप घासण्यात घालवला. ओट्यावर पॉलिशपेपर पसरून घासला तर तो एका बाजूला जास्त उतरला आणि समोरची बिल्डिंग अर्धी स्पष्ट, अर्धी भुताटकी. परत घासला. मग लेन्सच्या मागची एक पिन मध्ये येऊ लागली. शहाण्या माणसाने तिथे थांबून परवा येणारा अडॅप्टर मागवला असता. मी कानस काढली. लेन्सवरच कानस चालवली आणि तो चुरा आत गेला. आता तो साफ करायला लेन्स उघडणं आलं. मागचं कडं फिरवलं, स्प्रिंग उडून फ्रिजखाली गेली, ती शोधायला मी वाकलो आणि कोपराने काढून ठेवलेली मागची काच खाली ढकलली.

लादीवर पडल्यावर आवाज अगदी बारीक झाला. बांगडी फुटल्यासारखा.

अण्णा दारातच उभे होते. मी काहीतरी बोलत सुटलो. काच मिळते, चोर बाजारात एक माणूस आहे, वगैरे. ते खुर्चीत बसले आणि म्हणाले, "राहू द्या. टेन्शन घेऊ नका."

मग त्यांनी स्वतःहून सांगितलं. लग्नानंतर पहिली तीन वर्षं ते तुर्भ्याला आणि सासूबाई गावी. सुट्टीत गेले तरी घर माणसांनी भरलेलं; वडीलधाऱ्यांसमोर बायकोकडे नुसतं बघायचीही सोय नव्हती. मग हा कॅमेरा आला. फोटो काढतोय म्हटल्यावर कुणी काही म्हणेना. अंगणाच्या या टोकाला बसून ते चुलीपाशी बसलेल्या सासूबाईंना हवा तेवढा वेळ बघायचे.

"रोल परवडायचा कुठे? कॅमेरा बऱ्याचदा रिकामाच असायचा," ते म्हणाले. "पुढे इथे खोली मिळाली, दोघंच आलो. मग कॅमेऱ्याचं काम संपलं."

"म्हंजी मी पदर सारखा करून करून बसायची, ते रिकाम्या कॅमेऱ्याफुडं?" सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या होत्या. त्यांनाही हे आजच कळत होतं.

अण्णांनी टेबलावरचं माझं ते पाइपचं कडं उचललं, एक डोळा मिटला आणि त्यातून सासूबाईंकडे पाहिलं. आम्ही हसलो. तेही हसले. मग कडं खाली ठेवत म्हणाले, "यातून ती लांबच राहते हो."

पुढे मी अगदी तसलीच लेन्स शोधून आणली. अडॅप्टरही ऑनलाइन मागवला, बायको म्हणाली होती तसा दोन दिवसांत आला. सासूबाईंना बसा म्हटलं तर म्हणाल्या, "येकदा नटून बसले हुते की. आता न्हाई." त्या भाजी निवडायला गेल्या. अण्णांनी माझं मन राखायला कॅमेरा हातात घेतला, बाल्कनीत गेले आणि बराच वेळ खाडीकडे बघत राहिले.

"अगदी स्वच्छ दिसतायत हो पक्षी," ते म्हणाले. "एकेक पीस मोजून घ्यावं."